गोमावरचा पहिला हात

शुक्रवारी पाहुणे येणार आहेत, तोवर तो ढोल घरातून गेला पाहिजे, असं अस्माने सोमवारी सकाळी सासूला सांगितलं. सांगताना कपबशी तिने अशी आपटली की अर्धा चहा बशीत सांडला. चाँदबीने बशीतला चहा आधी पिऊन टाकला, मग कपातला, आणि म्हणाली, पाहुण्यांना डोळे मिटून बसायला सांग.

हे बोलणं झालं ते अंबाजोगाईच्या जुन्या छावणीच्या अंगाला असलेल्या दोन खोल्यांच्या घरात. घर चाँदबीचं, तिच्या आईकडून आलेलं. चाँदबीचं वय एकाहत्तर. अंगाने उंच, वर्णाने काळी कुळकुळीत, आणि डोक्यावरचे दाट कुरळे केस आता कापसासारखे पांढरे. चाळीस वर्षं ती बसस्टँडसमोर गाड्यावर फळं विकत आली आहे. पावसाळा सरला की सीताफळं, मग पेरू, मग उन्हाळ्यात टरबूज. सीताफळ दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातावर ती चापट मारते आणि मग त्यालाच ते घ्यायला लावते. पाठीमागे लोक तिला हबशीण म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण तिच्या तोंडाला लागून कुणाचं भलं झाल्याचं त्या रस्त्यावर कुणाला आठवत नाही.

ढोल म्हणजे आपल्याकडे गळ्यात अडकवून वाजवतात तसला नव्हे. एकाच बुंध्यातून कोरलेला, माणसाच्या कमरेइतका उंच, आणि खाली त्याच लाकडातून काढलेले चार आखूड, जाडजूड पाय. कोपऱ्यात उभा असला की एखादं जनावर उभं राहिल्यासारखा दिसतो. वर बकऱ्याचं कातडं. ते दोरीने आवळलेलं नाही, भोवताली लाकडी खुंट्या ठोकून ताणलेलं आहे. तेलाने आणि लोबानच्या धुराने सगळं अंग काळं पडलेलं. घरात त्याला गोमा म्हणतात. चाँदबीची आई तेच म्हणायची, आईची आईही तेच.

तिच्या आईच्या घराण्यातली माणसं आफ्रिकेहून हैदराबादेत आली आणि तिथून निजामाच्या घोडदळाबरोबर इथे, अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत त्या काळात. कोणत्या गावची, कोणत्या जहाजाने, कोणत्या साली, हे कुणालाच सांगता येत नाही. एवढं मात्र चाँदबीला पक्कं माहीत आहे की गोमा तिकडून आलेला नाही. तो इथल्याच शिवणीच्या लाकडाचा आहे. विकत आणलेल्या माणसाला सामान बरोबर घ्यायला कोण देतं, असं तिची आई म्हणायची. कुणाच्या तरी हाताला ढोलाचा आकार आठवत होता. झाड इथलं मिळालं, बकरा इथला मिळाला, आणि त्या हाताने आठवलं तसं कोरून काढलं.

चार-पाच वर्षांपूर्वी राधाकिशन सर नावाचे कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक तिच्या गाड्यावर आले होते. त्यांना गाणी ऐकायची होती. आधी दोन डझन सीताफळं घ्या, असं तिने सांगितलं. त्यांनी घेतली. मग तिने तिथेच गाड्याच्या फळीवर ताल धरून एक गाणं म्हटलं. शब्दांचा अर्थ तिला येत नव्हता, तिच्या आईलाही येत नव्हता. पोरींनी आयांकडून शब्द घेतले ते नुसते आवाज म्हणून. सरांनी फोनवर ते भरून घेतलं आणि दोन महिन्यांनी परत आले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली नावाची भाषा आहे, तीत न्गोमा म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही न्गोमाच, असं त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं. चाँदबी म्हणाली, म्हणजे आम्ही बरोबरच म्हणत होतो. सरांनी मग मलिक अंबरचं सांगितलं, की तोही विकला गेलेला हबशी पोर होता आणि पुढे त्याने निजामशाहीचा कारभार चालवला. त्याच्या घरी गोमा होता का, असं तिने विचारलं. ते सरांना माहीत नव्हतं. मग मला त्याचं काय सांगता, असं म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. सरांना हा ढोल कॉलेजात ठेवायला हवा होता. तो विषय त्यांनी काढला तेव्हा तिने त्यांना असं काही उत्तर दिलं की सर त्यानंतर फळं दुसऱ्या गाड्यावरून घेऊ लागले.

गोमा कुणाला द्यायचा याची या घरात एक रीत आहे. आईने लेकीला द्यायचा. लेक नसली तर लेकाच्या लेकीला. देणारीने गुरुवारी कडब्याच्या जाळावर कातडं तापवायचं, लोबान घालायचा आणि बाजूला व्हायचं. घेणारीने तळव्याने पहिला हात मारायचा. तो हात पडला की ढोल तिचा. तोवर देणारी कितीही म्हातारी झाली तरी ढोल तिचाच, आणि हात न पडताच ती गेली तर ढोल कुणाचाच नाही. मग तो उरुसाला बाहेर काढायचा नाही, त्याला फक्त धूळ खाऊ द्यायची. पुरुषांनी पुढे वाजवावा, पण बहिणीचा किंवा आईचा हात आधी पडल्यावर. सुनेने मात्र त्याला शिवायचंही नाही. सून परघरची.

चाँदबीने ही रीत सगळ्यांत कडक पाळली ती अस्माच्या बाबतीत. अस्मा चौसाळ्याच्या खत-बियाण्यांच्या दुकानदाराची मुलगी, गोरी, नाकाने धारदार. चोवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आल्यावर चौथ्याच दिवशी तिने धुतलेल्या कपड्यांची टोपली ढोलावर ठेवली. चाँदबीने टोपली अंगणात फेकली, गुलाबपाणी मागवलं आणि शेजारच्या बायका बघत असताना ढोल पायांपासून वरपर्यंत पुसून काढला. अस्मा त्यावर एक शब्द बोलली नाही. पण तेव्हापासून तिने घरात जे जे बोलायचं ते त्या दिवसाला धरूनच बोललं, मग विषय मिठाचा असो की विजेच्या बिलाचा. पोटी मुलगी झाली तेव्हा बाळाचे केस बघून ती रडली. पुढे त्याच मुलीला पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करवून आणण्याची तिची चाल होती, आणि केस सरळ झालेल्या नातीला पाणी मारून ते पुन्हा कुरळे करण्याची चाँदबीची.

ही मुलगी हीना. आता बावीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी. लहानपणी गोमाला पाठ टेकून झोपायची. सातवीत वर्गातल्या मुलींनी तिला हबशी म्हणून चिडवलं आणि ती त्या कोपऱ्यात जायची बंद झाली. चाँदबीला दुसरी नात नाही, लेक तर नाहीच. अरमान हा एकुलता एक मुलगा. दोनदा तिने कडबा आणून ठेवला आणि हीनाला म्हटलं, ये, हात मार. दोन्ही वेळा हीना म्हणाली, बघू. आता सोयरीक जमून ती युसूफ वडगावला गेली की ‘बघू’ म्हणायलाही कुणी उरणार नव्हतं. म्हातारीला मरणाचं काही वाटत नव्हतं, पण हीनाचा हात पडायच्या आधी मरायचं नव्हतं.

स्थळ आलं होतं ते युसूफ वडगावच्या दस्तगीर चाऊस यांच्या मुलाचं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, स्वतःचं दुमजली घर. चाऊस म्हणजे निजामाच्या फौजेत अरबस्तानातून आलेल्या शिपायांचे वंशज. मराठवाड्यात त्यांची घरं बरीच आहेत. मध्यस्थ बाईने विचारलं तेव्हा अस्माने सांगून टाकलं की आम्हीही चाऊसच. मुलीच्या बापाचा रंग सावळा आहे तो उन्हाने. हे चाँदबीला अरमानकडून कळलं, तेही त्याने जेवताना मान खाली घालून सांगितलं. अरमान मोटारी रिवाइंड करायचं काम करतो. जळालेल्या मोटारीचा दोष तो नुसत्या वासावरून ओळखतो, पण आई आणि बायको यांच्या भांडणात कधी तोंड उघडत नाही. चाँदबी त्याला म्हणाली, तू माझ्या पोटचा आहेस हे तरी सांगितलंस ना पाहुण्यांना, की तेही उन्हानेच?

बुधवारी दुपारी चाँदबी गाड्यावर होती. शेजारचा गाडा सरस्वतीबाईंचा, केळीचा. त्यांचं लक्ष नेहमी रस्त्यावर. त्या म्हणाल्या, “चाँदबी, तुजा ढोल टेम्पोत बसून गावाला निगाला की गं. पाय बाहीर काडलेत त्यानं.” चाँदबीने मान वर केली तेव्हा टेम्पो चौकातून केजच्या रस्त्याला वळत होता. घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी मागे आडवं पडलं होतं आणि घोंगडीतून दोन काळे पाय बाहेर आले होते. टेम्पो चालवत होता तन्वीर, अस्माचा भाऊ.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा चाँदबी गाडा उघडा टाकून निघाली. घरी पोचली तेव्हा कोपरा झाडून स्वच्छ केलेला होता. फरशीवर चार पायांचे चार गोल डाग तेवढे राहिले होते, आणि अस्मा ओल्या फडक्याने तेही घासत होती.

“कुठं हाय?”

“हाय तिथं सुखरूप हाय. लगीन झालं की आणू.”

“तू हात लावलास?”

“लावला. दोन्ही हातांनी उचलला, टेम्पोत ठिवला.” अस्मा उभी राहिली आणि तिने ओले तळवे सासूसमोर धरले. “बघा. झडले न्हाईत.”

चाँदबी ओरडली नाही. शुक्रवारपर्यंत ढोल जागेवर दिसला नाही तर पाहुण्यांसमोर आपण तोंड उघडू, एवढंच तिने सांगितलं. उघडा, म्हणाली अस्मा; नातीच्या जन्माचं वाटोळं करा आणि मग खुशाल वाजवत बसा. चाँदबीने आपली चटई, रॉकेलचा जुना स्टोव्ह आणि एक पातेलं उचललं आणि अंगणात नेऊन मांडलं. त्या घराच्या चुलीवरचं ती दोन दिवस काही जेवली नाही. अस्मा मुद्दाम दार उघडं टाकून मटण शिजवत राहिली.

गुरुवारी संध्याकाळी हीना कामावरून आली ती सरळ अंगणात. पाय दुखत होते म्हणून ती आजीच्या चटईवर टेकली, पण आजीकडे पाठ करून. मुलगा तिला आवडला होता. फोनवर त्यांचं दोन-तीनदा बोलणं झालं होतं. तो तिला म्हणाला होता की लग्नानंतर तू काम चालू ठेव, आमच्याकडे लॅब नाही, तू काढ. हे तिने आजीला सांगितलं, आणि मग म्हणाली, “उद्या गप बसा, दादी. एवढं करा. ठरलं की मी सोता चौसाळ्याला जाईन, घिऊन येईन आन् पहिला हात मारीन. लग्नाच्या आदी. खुदाकसम.”

चाँदबी जे दहा वर्षं मागत होती ते आता समोर ठेवलेलं होतं, फक्त गप बसायचं होतं. तिने मान हलवली. त्या रात्री तिने स्टोव्ह पेटवला नाही. सुनेने पाठवलेली भाकरी मात्र परत पाठवली.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला पाहुणे आले. दस्तगीरसेठ, साठी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीला मेंदी लावलेले, त्यांची बहीण, आणि मुलगा. मिठाईचा मोठा डबा बहिणीने टेबलावर ठेवला. चाँदबीला अस्माने नवी साडी नेसवून भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं आणि पदर कपाळापर्यंत ओढून दिला होता. पाहुण्यांना सांगितलं होतं की सासूबाईंना ऐकू कमी येतं. हीना आली, चहा दिला, बसली. मुलगा तिच्याकडे बघून हसला. सगळं ठीक चाललं होतं.

मग दस्तगीरसेठांनी सहज विचारलं, तुमचा कबिला कोणता? दोन चाऊस भेटले की सगळ्यांत आधी विचारतात ते हेच. चाऊस घरातल्या पोरालाही हे सांगता येतं. अस्माला हे माहीतच नव्हतं. खोटं कितीही पक्कं केलेलं असलं तरी या एका प्रश्नाला तिथे उत्तर नव्हतं. ती घाईघाईने म्हणाली, हैदराबादचा. दस्तगीरसेठ म्हणाले, हैदराबाद तर शहर झालं. त्यांनी अरमानकडे पाहिलं, अरमानने चहाच्या कपाकडे. मग सेठ खुर्चीकडे वळले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, खाला, तुम्ही तरी सांगा.

चाँदबी गप बसली. पदराच्या आतून तिला हीनाची बोटं दिसत होती. ती दुपट्ट्याचं टोक गुंडाळत होती आणि उलगडत होती. चाँदबीने ओठ मिटून घेतले. ऐकू येत नाही त्यांना, असं अस्मा पुन्हा म्हणाली. पुष्कळ घरं विसरली आता कबिले, असं म्हणून बहिणीने सांभाळून घेतलं, आणि तो प्रसंग टळला.

पण सेठना बोलायची हौस. विषय लग्नाकडे नेऊन ते म्हणाले, बाकी काही नको, मर्फा मात्र असला पाहिजे. मर्फा म्हणजे चाऊसांच्या लग्नात वाजतो तो ढोलांचा ताफा. आता हैदराबादेहून मागवावा लागतो, म्हणाले. पूर्वी इथेच मिळायचा. मोमिनाबादचे हबशी यायचे, बाया-बाप्ये सगळे. वडिलांच्या लग्नात रात्रभर वाजवलं होतं त्यांनी, आजी सांगायची. काळी माणसं, पण ढोल वाजवावा तर त्यांनीच. जेवायला मात्र मांडवाबाहेर, सगळ्यांत शेवटी. भांडी वेगळी ठेवायची, नंतर ती घरात घ्यायची नाहीत. हे सगळं त्यांनी वाईट मनाने सांगितलं नाही. एखाद्या गमतीच्या आठवणीसारखं सांगितलं, आणि त्यांची बहीण हसली. मुलगाही हसला. तेच चाँदबीने पाहिलं.

तिने पदर मागे सारला.

“सालन संपलं होतं,” ती म्हणाली. “नुसत्या भाकऱ्या दिल्या, पाण्यात भिजिवलेल्या. तुमच्या वालिदच्या लग्नात. मी पाच वर्साची होते, सेठ. आईच्या पदराला धरून होते. पहिला हात माज्या आईचाच पडला होता त्या रात्री, मंग तुमचा मांडव नाचला.”

अस्मा उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. दस्तगीरसेठांनी म्हातारीचा चेहरा नीट पाहिला, केस पाहिले, मग हीनाचे सरळ केलेले केस पाहिले, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. ते रागावले नाहीत. त्यांनी रुमालाने हात पुसले.

“खाला,” ते म्हणाले, “वाजवायला बोलवायचं असतं तर मी सोता गाडी घिऊन आलो असतो. सोयरीक येगळी.”

“भाकरीबी येगळीच होती,” चाँदबी म्हणाली.

ते उठले. बहिणीने मिठाईचा डबा टेबलावरून उचलला आणि पिशवीत घातला. त्याची दोरीही सोडलेली नव्हती. दाराशी मुलगा चपला घालत थांबला. हीना उठून त्याच्याकडे बघत उभी होती. काही बोलायचं असतं तर ते तेवढ्यातच. त्याने दुसरी चप्पल घातली आणि तो गेला.

नंतर अस्मा जे बोलली ते सगळं गल्लीने ऐकलं. चोवीस वर्षांचं होतं. टोपली, गुलाबपाणी, शिवायचं नाही, परघरची. तुमच्या त्या लाकडाला माझ्या मुलीचा जन्म वाहिला, म्हणाली. आता तुम्ही मेलात की मी त्याच्यावर भाकरी भाजीन. चाँदबीनेही उत्तरं दिली, आणि तीही कमी नव्हती. लपवलं नसतंस तर मोडायचं कारणच नव्हतं, बाई, खोटं सांगून मुलगी द्यायला निघालीस ती तू. अरमान अंगणात जाऊन स्टोव्ह दुरुस्त करायला बसला. स्टोव्हला काहीच झालेलं नव्हतं.

हीना आत गेली आणि कामावर जायच्या साध्या कपड्यांत बाहेर आली. डोळे कोरडे. बाहीवर पावडर लागली होती ती तिने झटकली.

“चला, दादी.”

“कुठं?”

“चौसाळ्याला.”

अंबाजोगाईहून केज, नेकनूर, मग मांजरसुंब्याला गाडी बदलून चौसाळा. अडीच-तीन तासांचा रस्ता. दोन्ही गाड्यांमध्ये शेजारची जागा रिकामी होती, तरी हीना आजीजवळ बसली नाही. पुढच्या बाकावर बसली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. मांजरसुंब्याला चाँदबीने तिच्यासाठी शेंगदाण्याची पुडी घेतली. हीनाने ती घेतली नाही. चाँदबीने एकटीने शेंगदाणे खाल्ले, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुम्ही शब्द मोडलात, असं नात कधीतरी म्हणेल म्हणून ती उत्तर जुळवून ठेवत होती. हीनाने तो विषयच काढला नाही, त्यामुळे जुळवलेलं उत्तर तसंच राहिलं.

तन्वीरचं गोदाम हमरस्त्याला लागून. आत युरियाच्या गोण्यांची थप्पी, आणि थप्पीच्या मागे, भिंतीला टेकून, गोमा. कातड्यावर फवारणीच्या औषधाचा डबा ठेवलेला. चाँदबीने डबा उचलला आणि कातड्यावर बोट टेकवलं. ते खाली गेलं. युरियाच्या जागेत ओल धरते. दोन दिवसांत कातडं ओल्या पापडासारखं सैल झालं होतं.

तन्वीरला बहिणीचा फोन आधीच आला होता. अस्माच्या शब्दाशिवाय ढोल हलणार नाही, असं त्याने सांगितलं. भाचीला म्हणाला, एवढं चांगलं स्थळ हातचं गेलं, आणि तू या लाकडाच्या मागे आलीस? लोक काय म्हणतील, ढोलासाठी मोडलं?

“मोडलं ते मोडलं, मामू,” हीना म्हणाली. “ज्याच्यापायी मोडलं ते तरी माजं होऊ द्या. धरा तिकडून.”

त्याने धरलं नाही. मग तिनेच ढोलाला दोन्ही हातांनी कव घातली आणि तो फरफटत दाराबाहेर काढला. चार पायांनी गोदामाच्या फरशीवर चार रेघा ओढल्या. बाहेर उजेडात तो ठेवून ती आजीला म्हणाली, तापवा.

चाँदबी म्हणाली, इथं? आज गुरुवार नाही. लोबान नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी, रस्त्याच्या कडेला, अशी रीत नाही. घरी नेऊ, येत्या गुरुवारी अंघोळ करून, मी सांगते तसं. हीनाने ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच शब्द म्हणाली. तापवा. तिचा आवाज चढला नव्हता, पण चाँदबीने तो ओळखला. आपल्या तोंडून निघालेला तो आवाज तिने चाळीस वर्षं बसस्टँडसमोर ऐकला होता.

समोरच्या हॉटेलवाल्याच्या म्हशीपुढचा कडबा तिने मागून आणला. जाळ लावायला निघाली तेव्हा तन्वीर धावत आला. इथे औषधांचे डबे आहेत, आग लावता का दुकानाला. त्याचं ते खरं होतं. मग दोघींनी ढोल आणखी वीस पावलं ओढत, खड्ड्याच्या पलीकडे, ट्रक उभे राहतात तिथे नेला. चाँदबी गुडघ्यावर बसली. कडब्याच्या दोन दोन धाटांचा जाळ करून तिने ढोल कलता केला आणि कातडं आचेवर फिरवायला लागली, एका जागी कधी थांबू न देता. थांबलं की चुरचुरतं, मग फाटतं. नेहमी जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट लागला. दर थोड्या वेळाने ती अंगठ्याने टिचकी मारून बघत होती. आधी नुसता फद् आवाज आला, मग लाकडासारखा, मग आतून काहीतरी उत्तर द्यायला लागलं. धुराने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन ट्रक ड्रायव्हर चहाचे पेले घेऊन बघत उभे राहिले.

तिने ढोल पायांवर सरळ केला आणि बाजूला झाली. हीनाने बाह्या वर केल्या.

तिचा पहिला हात कडेला पडला. खुंटीजवळ, तिथे पडू नये. आवाज फुटका आला. चाँदबी म्हणाली, मधे, आणि मनगट सैल सोड.

“गप बसा, दादी,” हीना म्हणाली. “आता माजा हाय.”

दुसरा हात तिने मधे मारला. तिसरा, चौथा. ती ताल वाजवत नव्हती, मारत होती, आणि गोमा ते सगळं घेऊन मोठ्याने परत देत होता. हमरस्त्यावरच्या गाड्यांच्या वर तो आवाज जात होता. तन्वीर दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. मारता मारता कधीतरी तिच्या हातांना आपोआप वळण लागलं. लहानपणी पाठ टेकून झोपायची तेव्हा पाठीतून गेलेलं असेल ते, किंवा थकल्यावर हातांना सोपं पडलं असेल ते. तीन लहान, एक मोठा. चाँदबीने ते ओळखलं. पूर्वी उरुसाला चाळीस बायका या तालावर गोल फिरायच्या, पाय न उचलता, घासत. तिचं तोंड उघडलं आणि आईकडून आलेला पहिला शब्द बाहेर पडला.

हीनाचा हात थांबला. तिने आजीकडे पाहिलंही नाही.

“गाऊ नका,” ती म्हणाली. “मी वाजवाय लागले.”

चाँदबीने तोंड मिटलं. कातडं पुन्हा गार होऊ लागलं होतं, म्हणून ती खाली बसली आणि उरलेला कडबा तोडून तिने जाळात सारला.